रविवारचा आढावा

लग्नाला चाळीसहून अधिक वर्षं झाल्यावर एका रविवारी संध्याकाळी आमच्या ह्यांनी मला विचारलं, "माझ्यात काय बदल व्हायला हवा, असं तुला वाटतं?"

मी विणकाम मांडीवर ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला हात लावायला पुढे झाले. माणूस तापात काहीही बोलतो. मग माझ्या लक्षात आलं की हे पुस्तकातून वाचताहेत. चष्मा नाकाच्या टोकावर, बोट ओळीखाली, आणि आवाज डेपोत ड्रायव्हर लोकांना सूचना वाचून दाखवायचे तसा.

आम्ही दोघं चर्चच्या मिशनवर, म्हणजे घर सोडून दूरच्या शहरात सेवेला आलो होतो, आणि मिशनवर निघालेल्या प्रत्येकाला चर्चकडून नियमांचं एक पुस्तक मिळतं. ते खरं तर विशीतल्या पोरापोरींसाठी लिहिलेलं आहे. ही मुलं घरदार सोडून दूरच्या शहरात सेवेला येतात, तिथे त्यांना अनोळखी जोडीदार मिळतो आणि चोवीस तास त्याच्याबरोबर काढायचे असतात. एकमेकांच्या झिंज्या उपटू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा आढावा घ्यायचा. समोरासमोर बसायचं, माझ्यात काय बदल हवा असं विचारायचं. ऐकणाऱ्यानं वाद घालायचा नाही, सबब सांगायची नाही. जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, बरोबर आहे का विचारायचं आणि आभार मानायचे. आमच्यासारख्या म्हाताऱ्या जोडप्यांनी हे करावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. पण आमचे हे बस डेपोत सुपरवायझर होते. छापील नियम दिसला की ह्यांचा हात आपोआप खिशातलं पेन शोधतो.

"काही नाही," मी म्हणाले.

विचार करून म्हणाले असं नाही. 'काय झालं?' या प्रश्नाला माझी जीभ इतकी वर्षं हेच उत्तर देत आली आहे, तिला दुसरं येतच नाही.

"उत्तम," हे म्हणाले आणि पान उलटलं. आता माझी पाळी होती. ह्यांनी मुद्दे काढून ठेवले होते. मी दिवे चालू ठेवते, पर्समध्ये किल्ली वेळेवर सापडत नाही, ऐकलेलं नसताना 'हो हो' म्हणते, सूपमध्ये मीठ आधी घालते. मी सगळं माझ्या शब्दांत परत सांगितलं आणि आभार मानले. हे समाधानानं झोपले. तेव्हापासून दर रविवारी हेच चालू आहे.

आता आम्ही मिशनवर आलो कसे ते सांगते, कारण त्याबद्दल आमच्या चर्चच्या मंडळीत भलताच गैरसमज आहे. पाळकांनी एकदा उपासनेनंतर सांगितलं की निवृत्त जोडप्यांची फार गरज आहे, मिशनच्या ऑफिसात कामाला माणसं नाहीत. हे लगेच उभे राहिले. निवृत्तीनंतर ह्यांना कुणी विचारेनासं झालं होतं, त्यामुळे कुणी कशालाही माणसं मागितली की हे उभे राहायचे. निरोपाच्या दिवशी अख्खी मंडळी माझ्या गळ्यात पडून रडली. एवढ्या वयात घर सोडून निघाली, नातवंडांना सोडून निघाली, केवढा हा त्याग! मीही रडले. लोक एवढ्या मनापासून रडत असताना कोरडं राहणं बरं दिसत नाही.

खरं सांगायचं तर बॅग भरताना मी गुणगुणत होते. घरी आम्ही सहा माणसं, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आम्ही दोघं. मी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर नोकरी केली. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून द्यायचे, 'होल्ड करा' म्हणायचं आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं. निवृत्त झाले तेव्हा त्यातली नोकरी गेली आणि स्वयंपाक उरला. सकाळी डबे, दुपारी शाळेतून भुकेली आलेली पोरं, संध्याकाळी ऑफिसातून दमून आलेली सून. सून गुणी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार करायला वेळ तरी कुठे होता?

इथे दोन ताटं. दोन कप. चौथ्या मजल्यावरचा छोटासा फ्लॅट, एक खिडकी, खिडकीत एक खुर्ची, आणि दुपारी ऑफिसातून आलं की त्या खुर्चीत बसलेल्या बाईला कुणीही हाक मारत नाही. पहिल्या आठवड्यात मी तिथे नुसती बसून राहिले. हे म्हणाले, "प्रार्थना करतेस का?" मी म्हटलं, हो. ते अगदीच खोटं नव्हतं.

सकाळी मी मिशनच्या ऑफिसात फोन घेते. मुलांना दाताच्या डॉक्टरांची वेळ ठरवून देते, घरून आलेली पार्सलं कुणाची कुठे ते बघते, एखादी पोर आईच्या आठवणीनं फोनवर हुंदके द्यायला लागली तर तिला आधी पाणी प्यायला लावते. हे काम मला येतं आणि आवडतं. ह्यांच्याकडे मात्र मोठं खातं आलं. तरुण मिशनरी राहतात त्या खोल्यांची स्वच्छता तपासायची.

ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गाडीत टॉर्च, पांढरे हातमोजे आणि खोलीला दहापैकी गुण द्यायला कार्डांचा गठ्ठा. जोडीदाराला एकटं सोडायचं नाही हा नियम, त्यामुळे प्रत्येक तपासणीला मीही असायचे. दार उघडलं की हे थेट स्वयंपाकघरात जात. शेगडीमागे बोट फिरवत, फ्रिजचं रबर वाकवून बघत, आणि मग सिंकसमोर उभे राहून प्रवचन देत. सिंकमध्ये एक चमचा दिसला तरी चेहरा असा करत, जणू चर्चच्या पायातला दगड हलला आहे. "ज्यानं ताट खरकटं केलं त्यानंच ते घासायचं," हे ह्यांचं ब्रीदवाक्य. "जोडीदार म्हणजे नोकर नव्हे." पोरं माना खाली घालून ऐकायची. एका खोलीतली चष्मेवाली मुलगी तर एका कपापायी तीन गुणांवर आली आणि रडवेली झाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि जाताना हळूच तिच्या हातात चॉकलेट ठेवलं.

घरी आमच्याकडे ताटं टेबलावरून कपाटात कशी जातात, याची ह्यांनी आजवर कधी चौकशी केलेली नाही. माझ्या मते ह्यांचा समज असा असावा की ती आपली आपण जातात. तपासणी करून आम्ही फ्लॅटवर परत यायचो, हे हातमोजे काढून टेबलावर टाकायचे, "आजची पिढी," असं म्हणून उसासा सोडायचे आणि जेवायला बसायचे. जेवण झालं की ताट जागच्या जागी सोडून उठायचे. मी ते उचलायचे. हातमोजेसुद्धा मीच धुवायचे, कारण दुसऱ्या दिवशी ते पांढरेशुभ्र लागायचे.

मला राग यायचा का? यायचा. पण दोन ताटांचा राग तो, सहा ताटांपुढे काहीच नव्हे. ह्यांच्या एका ताटाच्या बदल्यात मला खिडकीतली खुर्ची मिळत असेल तर सौदा वाईट नव्हता. माझ्या मनात एकच इच्छा होती, हे दिवस संपू नयेत. मिशनची मुदत आणखी वर्षभर वाढवून मिळते हे मला ऑफिसातल्या फोनवरूनच कळलं होतं. मिशनचे प्रमुख स्वतः विचारतात म्हणे. मी वाट बघत होते.

प्रमुख मोठा उत्साही माणूस. आयुष्यभर विक्री खात्यात काढल्यामुळे त्यांना अडचण नावाची गोष्ट दिसतच नाही. लिफ्ट बंद पडली की ती व्यायामाची संधी, हीटर बिघडला की तो आशीर्वाद. त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी कायम तयार असतं. एकदा सभागृहाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी कप मांडत होतो. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, तुम्ही अजून वर्षभर राहावं अशी आमची फार इच्छा होती, पण तुमच्या मिस्टरांनी सांगितलं की तुम्हाला घरची फार ओढ लागली आहे, नातवंडांशिवाय जेवण जात नाही. आईचं काळीज ते, आम्ही समजू शकतो.

मी हातातला कप बशीऐवजी नुसत्या टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं, काय झालं?

मी म्हटलं, "काही नाही."

गाडीत बसल्यावर मात्र मी ह्यांना विचारलं. ह्यांना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. प्रमुखांनी विचारलं, ह्यांनी उत्तर दिलं. खरं म्हणजे ह्यांनाच घरी जायचं होतं. घरी ह्यांची आरामखुर्ची होती, सून हातात वर्तमानपत्र आणि चहा आणून द्यायची, बागेतल्या बाकावर डेपोतले चार जुने मित्र बसायचे. इथे बायकोला सोडून बाकावर जायचीसुद्धा सोय नव्हती. पण 'मला माझी खुर्ची हवी' असं प्रमुखांना सांगणं बरं दिसत नाही, आणि बायकोची ओढ हे कारण कसं सोज्वळ आहे. मला म्हणाले, "तुला नातवंडांची आठवण येत नाही का?"

"येते."

"मग झालं तर."

ह्यांनी गाडी सुरू केली. डेपोत अर्जांचा निकाल असाच लागत असणार. घरी आल्यावर मी भांडी इतक्या जोरात घासली की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठीनं ठोकलं.

पुढच्या रविवारी ह्यांनी पुस्तक उघडून प्रश्न विचारला तेव्हा मी तोंड उघडलं. सगळं ओठांवर आलं होतं. बाहेर पडलं ते "काही नाही." स्वतःच्या जिभेचा एवढा संताप मला कधीच आला नव्हता.

आता खरी गंमत. तरुण मिशनऱ्यांचं संमेलन भरणार होतं. खोल्याखोल्यांतून जोडीदारांची भांडणं वाढली होती, बरीचशी ह्यांनी दिलेल्या गुणांवरूनच. प्रमुखांनी ह्यांना विनंती केली की जोडीदाराशी गुण्यागोविंदानं कसं राहावं यावर दोन शब्द बोला. हे म्हणाले, भाषणानं काही होत नाही, प्रात्यक्षिक हवं. आम्ही नवरा-बायको व्यासपीठावर बसून आमचा साप्ताहिक आढावा घेऊन दाखवतो. प्रमुखांनी टाळी वाजवली. मला विचारलं का? छे. माझं उत्तर ठरलेलं होतं ना, विचारायचं कशाला?

त्या दिवशी सभागृह भरलं होतं. घडीच्या खुर्च्या, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, मधूनच किंचाळणारा माइक. व्यासपीठावर समोरासमोर दोन खुर्च्या आणि त्यांवर आम्ही दोघं. पुढच्याच रांगेत ती तीन गुणांची चष्मेवाली मुलगी होती. ह्यांनी आधी नियम समजावून सांगितले. वाद घालायचा नाही. सबब सांगायची नाही. ऐकलेलं परत सांगायचं, बरोबर आहे का विचारायचं, आभार मानायचे. पोरांकडून ते एकदा म्हणवूनही घेतलं. मग माझ्याकडे वळून खास ठेवणीतल्या आवाजात विचारलं, "माझ्यात काय बदल व्हायला हवा, असं तुला वाटतं?"

मी श्वास घेतला. तेवढ्यात हे पोरांकडे वळले आणि माइकमध्ये म्हणाले, "आमच्याकडे उत्तर ठरलेलं असतं. काही नाही!"

सगळे हसले. प्रमुख सगळ्यांत मोठ्यानं हसले. इतकी वर्षं ते उत्तर निदान मी देत होते. आता तेही ह्यांनीच घेऊन टाकलं, आणि माझ्या जिभेला काही कामच उरलं नाही. मी हात पुढे केला. मी आमेन म्हणणार असं ह्यांना वाटलं असावं, माइक लगेच दिला.

"आहे एक बदल," मी म्हणाले. "माझं उत्तर तुम्ही देऊ नका. मला घरची ओढ लागली आहे असं तुम्ही प्रमुखांना सांगितलंत. मला विचारलं नाहीत. नातवंडं माझी लाडकी आहेत, पण मला इथे राहायचंय. तिथे सहा ताटं आहेत. इथे दोनच आहेत, आणि त्यातलं एक तुमचं आहे."

माझा आवाज बोर्डावरचा होता. न चढणारा, सगळ्या मजल्यांवर ऐकू जाणारा. प्रमुखांच्या पत्नीनं रुमाल काढला, पण तो कशासाठी वापरावा हे त्यांना ठरवता येईना.

ह्यांचा चेहरा लालबुंद झाला. "तसं नाही हो, हिला काय म्हणायचंय..."

"आजोबा," पुढच्या रांगेतून चष्मेवाली नम्रपणे म्हणाली, "आधी परत सांगायचं असतं."

ह्यांनी हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. दुसरा कुणी असता तर हसण्यावारी नेऊन मोकळा झाला असता. पण नियम छापील होता आणि आत्ताच सगळ्यांकडून म्हणवून घेतला होता. मला माझ्या नवऱ्याची पहिल्यांदाच थोडी कीव आली. मी माइक परत दिला.

"तिचं म्हणणं असं," ह्यांनी सुरुवात केली, "की इथली सेवा तिला फार प्रिय आहे. बरोबर?"

"नाही. असं मी म्हटलं नाही."

"तिचं म्हणणं असं की घरी काम थोडं जास्त असतं."

"अजून नाही."

ह्यांनी चष्मा काढला. पुस्तक मांडीवर मिटलं. आता ते पोरांकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही, माझ्या पायांकडे बघत होते. "तिला घरी जायचं नाही," ते म्हणाले. "मी तिला विचारलं नाही. ती दमली आहे. फार वर्षांपासून दमली आहे." मग जरा थांबून म्हणाले, "बरोबर?"

दमले आहे, असं मी म्हटलंच नव्हतं. त्या दिवशी नाही, त्याआधीही कधी नाही. हा शब्द ह्यांचा होता. ज्याला काही कळत नाही अशा माणसाबरोबर मी संसार करतेय असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, आणि त्याची मला सवय झाली होती. न कळणाऱ्या माणसाला माफ करता येतं. ह्यांना कळत होतं.

"बरोबर," मी म्हणाले.

"धन्यवाद," हे म्हणाले.

प्रमुख ताडकन उठले. हा केवढा मोठा आशीर्वाद आपल्याला मिळाला आहे असं म्हणून त्यांनी गीत सुरू करायला सांगितलं. पोरं इतक्या जोरात गायली की माइक किंचाळलेला कुणाला कळलासुद्धा नाही.

परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "मी दमते, हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

हे समोर बघत होते. "बोर्डावरून यायचीस तेव्हापासून. चपला काढताना भिंतीला धरायचीस."

"मग?"

"मग काय? तू कधी काही म्हणायची नाहीस."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. रडू येत होतं आणि ह्यांना चिमटाही काढावासा वाटत होता, दोन्ही एकाच वेळी. मी म्हणायला हवं होतं, असं आता कुणी मला सांगायला येऊ नये. भिंतीला धरलेला हात दिसत होता ना? त्याच्यापुढे आणखी काय म्हणायचं असतं?

संध्याकाळी जेवण झाल्यावर हे ताट घेऊन उठले. सिंकपाशी गेले आणि तिथे उभे राहून इकडेतिकडे बघू लागले. घासणी कुठे असते, असं ह्यांनी मला विचारलं. शहरातल्या प्रत्येक खोलीतली घासणी नाकाशी धरून वास घेणारा हा माणूस. मी बोट दाखवलं. ह्यांनी आपलं ताट घासलं, पुसलं, उजेडात धरून तपासलं आणि कपाटात ठेवलं. माझं ताट टेबलावर तसंच होतं. ज्याचं खरकटं त्यानं घासायचं. नियम म्हणजे नियम. मला इतकं हसू आलं की खोकला लागला, आणि हे गोंधळून माझ्यासाठी पाणी घेऊन आले. तो ग्लासही मग त्यांनी धुतला, कुणाचा धरायचा यावर थोडा विचार करून.

दुसऱ्या दिवशी फ्लॅटवरचा फोन वाजला. मी खिडकीतल्या खुर्चीत होते, हे फोनजवळ, हातात ताट पुसायचं फडकं. प्रमुखांचा फोन होता. काल जे ऐकलं त्यावरून मुदतवाढीचा विचार पुन्हा करायचा का, असं ते विचारत होते. प्रमुखांचा आवाज मोठा, मला इथपर्यंत ऐकू येत होता. ह्यांनी घसा खाकरला. उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं, आणि रिसीव्हरची वायर ताणून तो माझ्यासमोर धरला.

"तिला विचारा," हे म्हणाले.

मी रिसीव्हर कानाला लावला. आयुष्यभर मी फोन जोडून दिले, डॉक्टरांचे, नर्सचे, पेशंटच्या नातेवाइकांचे, हल्ली या पोरांच्या आयांचे. हा माझ्यासाठी आला होता. प्रमुखांनी अगदी अदबीनं विचारलं की तुमची काय इच्छा आहे. इच्छा काय आहे हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, 'राहते' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. हे समोर उभे होते, हातात तेच फडकं, डोळे माझ्या तोंडाकडे. एवढ्या काळजीनं माझ्या उत्तराची वाट बघताना मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं. मला घाई करावीशी वाटेना.

"जरा होल्ड करा," मी प्रमुखांना म्हणाले, रिसीव्हर मांडीवर ठेवला आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसले.